चिमूट

माझ्या बापाने भांडुपच्या मिठागरात
चाळीस उन्हाळे लाकडी फावड्याने समुद्र ओढला.
म्हणायचा, पोरी, मिठाला मोजाचा नाय, वलखाचा.
तेव्हापासून माझी ही तीन बोटं
डाळीत, कालवणात, वांग्याच्या भरतात
आपली आपण जातात
आणि बरोबर तेवढंच सांडून परत येतात.

परवा परळला, तिसऱ्या मजल्यावर,
ग्लेनिस मॅडमनी टेबलावर एक चमचा ठेवला.
प्लास्टिकचा. बाळाच्या औषधाबरोबर येतो तसा.
"दिवसभराचं, मावशी. आमटी, भाजी, सगळं धरून.
सपाट भरायचा. शीग नको."
हसुराम त्या चमच्याकडे बघत राहिला,
सुटे पैसे नसलेल्या उतारूकडे बघायचा तसा.

सत्तावीस वर्षं कंडक्टर.
पाणी प्यायचा ते ओठ भिजण्यापुरतं,
कारण पुढची मुतारी कुठल्या स्टॉपला
हे कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.
गुडघा ठणकला की पांढरी गोळी,
पुन्हा ठणकला की पुन्हा.
त्या गोळ्यांचा हिशेब त्यानेही ठेवला नाही, मीही नाही.
ठेवला तो आतल्या दोघांनी,
वालाच्या दाण्यासारखे वाकून
पाठीशी, काळोखात, एक शब्द न बोलता.
क्रिएटिनिन दोन पॉइंट एक.
गेलं ते परत यायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
आहे ते राखा.

मग राखण सुरू झाली.
बटाटा चिरून पाण्यात, दोन तास. ते पाणी मोरीत.
नव्या पाण्यात उकडायचा. तेही मोरीत.
सासू असती तर ओरडली असती,
सगळा कस ओतलास की गो बाय!
शहाळं बंद. पापड बंद.
सुकटीचा डबा माळ्यावर, तोंडाला फडकं बांधून,
तरी रात्री वास खाली उतरतोच.

केसरबेनने पुडी आणून दिली, पुनर्नवा.
वर हिरव्या शाईत, शंभर टक्के नैसर्गिक.
मी हरखले. ही तर आमची घेटुळी,
मिठागराच्या बांधावर पसरायची,
पाय सुजले की आई भाजी करायची.
आणि नाव तरी कसं. पुन्हा नवी.
पुडी डॉक्टरांना दाखवली.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
"कण्हेरही नैसर्गिकच असते, मावशी.
कशात काय मिसळलंय कोण जाणे. विचारल्याशिवाय काही देऊ नका."
पुडी अजून देव्हाऱ्याच्या मागे आहे.
देत नाही. टाकवतही नाही.

एकच भांडं चढवते, दोघांचं.
लसूण ठेचते, जिरं भाजते, वर लिंबू.
पहिले आठ दिवस तो घास नुसता फिरवत बसायचा.
नवव्या दिवशी म्हणाला, दुधी गोड असतो, नाही?
एवढी वर्षं कळलं नव्हतं.
मला वाटलं, माझ्याच हाताने झाकला होता तो गोडवा
इतकी वर्षं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
न खाल्लेल्याला कसं जागायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी चालायला जातो, खाडीच्या बाजूला.
अर्धा तास, त्याच्या गुडघ्याच्या चालीने.
बापाच्या कोंड्या आता कोरड्या पडल्यात,
पलीकडे टॉवरची क्रेन उभी.
पण बांधाच्या कडेला पांढरी खपली अजून धरते,
नखाने निघेल एवढी.
काल तो चपलेचा पट्टा ठीक करायला वाकला.
मी पुढे झाले.
मागे वळले तेव्हा त्याचं बोट
तोंडातून नुकतंच निघत होतं,
आणि तो फ्लेमिंगो बघत होता,
जे त्या वेळी तिथे नव्हते.

मी काही पाहिलं नाही.
घरी आले. आमटीला फोडणी दिली.
त्या रात्री चमचा भरलाच नाही.